कठीण वर्षातला आगमनकाळ : घरच्या घरी चार आठवडे कसे पाळावेत

नोव्हेंबर संपत आला की वसईच्या बाजारात चांदण्या लटकू लागतात, चर्चच्या सभागृहात कॅरलच्या तालमी सुरू होतात. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलेलं असतं, जिथे नोकरी सुटलेली असते किंवा कोणाची केमोथेरपी चालू असते, तिथे मात्र एकच प्रश्न असतो : यंदा आपण काय करायचं? मग काही घरं सगळंच बंद ठेवतात. चांदणी नाही, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा नाही, पंचवीस तारीख कशीबशी ढकलायची. काही घरं उसनं हसू आणून सगळं नेहमीसारखं करतात आणि सव्वीस तारखेला कोसळतात.

या दोन्हींपेक्षा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, जसा आहे तसा पाळणं मला जास्त खरं वाटतं. आपण त्याला नाताळच्या खरेदीचा महिना करून टाकलंय, पण उपासनेत तो तसा कधीच नव्हता. या काळात धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, ईस्टरआधीच्या उपवासकाळात असतो तसाच. कॅथोलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आगमनकाळाच्या रविवारी ‘परमेश्वराला गौरव’ हे आनंदगीत म्हटलं जात नाही, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. बरीच वाचनं बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची असतात : घरदार गमावून परमुलखात पडलेल्यांचं सांत्वन, तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटणारा कोंब, आणि शेवटी नाताळच्या रात्री अंधारात चालणाऱ्यांना दिसलेला उजेड. ज्यांचं वर्ष बरं गेलं नाही, त्यांच्यासाठीच हा काळ रचलेला आहे. त्यात यायला तुम्हाला आधी आनंदी व्हावं लागत नाही.

१९४४ च्या डिसेंबरात आल्फ्रेड डेल्प नावाचे, येशूसंघ या कॅथोलिक संघातले जर्मन धर्मगुरू बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. हिटलरविरोधी गटाशी संबंध ठेवल्याबद्दल त्यांना जुलैत पकडलं होतं. हात बेड्यांत असतानाही त्यांनी आगमनकाळावरची मनं हलवणारी चिंतनं लिहिली. ते कागद धुवायच्या कपड्यांतून गुपचूप बाहेर गेले. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. आगमनकाळ माणसाला आधी हलवून जागं करतो, मग उजेड दाखवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. सुखवस्तू दिवाणखान्यात बसून लिहिलेल्या शेकडो पानांपेक्षा मला ते शब्द जवळचे वाटतात, कारण लिहिणाऱ्याच्या दाराची कडी बाहेरून होती.

पुढे जे सांगतोय ते कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही घरांत करता येईल. सगळं करायची गरज नाही. वाचताना जे आपल्याला झेपेल असं वाटेल तेवढंच घ्या.

तारखा आधी कॅलेंडरवर मांडा

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला, संत आंद्रेयाच्या सणाला, सर्वांत जवळचा रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्येच येतो. २०२६ मध्ये चार रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर असे आहेत. २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरपासून सुरुवात. या चार तारखांना गोल करा. मग त्याच कॅलेंडरवर वर्षातल्या अवघड तारखाही लिहा : केमोचं पुढचं सायकल, कर्जाचा हप्ता, कोर्टाची तारीख, गेलेल्या माणसाचा वाढदिवस किंवा वर्षश्राद्धाची मिस्सा. दोन्ही एकाच कागदावर दिसले की कोणत्या आठवड्यात आपल्या अंगात काहीच त्राण नसणार हे आधीच कळतं. त्या आठवड्यात फक्त रविवारची मेणबत्ती लावायची, बाकी काही नाही.

जे झालं ते लिहून काढा

पहिल्या रविवारच्या आधी एका संध्याकाळी वही घ्या आणि यंदा आपण काय काय गमावलं ते साध्या वाक्यांत लिहा. ‘आई मार्चमध्ये गेली.’ ‘दुकान बंद करावं लागलं.’ ‘थोरल्याशी बोलणं तुटलं.’ कारणमीमांसा नको, ‘पण देवाची इच्छा’ अशी पुस्ती तर मुळीच नको. बायबलमधली अनेक स्तोत्रं याच पद्धतीने सुरू होतात. तेरावं स्तोत्र उघडून पाहा : ‘परमेश्वरा, कुठवर?’ हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो. विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक पवित्र शास्त्रात आहे. रडगाणं म्हणून ते कोणी बाजूला काढलं नाही.

हा कागद घडी करून मेणबत्त्यांच्या चक्राखाली ठेवा (ते कसं करायचं ते पुढे सांगतो). चारही आठवडे तो तिथेच राहू दे. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही चित्र काढू द्या. आजोबा गेल्यानंतर मुलांशी त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही असं अनेक घरांत होतं, आणि मुलं ते मुकाट्याने सोसतात.

यंदा काय करायचं नाही, हे ठरवा

माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात. घरातले सगळे एकदा जेवणानंतर बसा. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या : कशावाचून नाताळ नाताळ वाटणार नाही, आणि यंदा काय झेपणार नाही. उत्तरं चकित करतात. आपल्याला वाटत असतं की मुलांना नवे कपडे हवेत, आणि ती म्हणतात फक्त चांदणी लावा. आई वर्षानुवर्षं डझनावारी करंज्या, कुलकुल, चकल्या करत आली म्हणून तिला ते हवंच असेल असं आपण धरून चालतो, आणि ती म्हणते, यंदा माझ्याच्यानं होणार नाही. मग फराळ विकत आणा, नाहीतर एकच पदार्थ करा.

दुखवट्याच्या वर्षी घरात तळण न करण्याची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ताट आणून देण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. ती पद्धत शहाणी आहे. शोकातल्या घरावर स्वयंपाकाचा बोजा टाकायचा नाही, पण त्याला एकटंही सोडायचं नाही, हे तिने साधलंय. ताट आलं तर घ्या. परतफेडीची घाई करू नका.

कॅरलवाल्यांचंही आधीच ठरवा. गटप्रमुखाला एक फोन पुरतो : ‘यंदा आमच्याकडे आलात तर एकच शांत गीत म्हणा,’ किंवा ‘यंदा येऊ नका, पुढच्या वर्षी या.’ ढोलकी आणि टाळ्यांसह तीस जण दारात उभे राहिल्यावर हे सांगणं कठीण जातं. न सांगता दिवे मालवून आत बसणं तर त्याहून जड जातं.

चार मेणबत्त्यांचं चक्र

दर रविवारी एक जास्त मेणबत्ती लावायची ही प्रथा एका अवघड घरातूनच आली. योहान हिन्‍रिख विखर्न हे प्रोटेस्टंट पाळक हॅम्बुर्गमध्ये गरीब, निराधार मुलांसाठी घर चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या : रविवारसाठी ४ मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी २० छोट्या लाल. रोज एक जास्त पेटायची. हिरव्या फांद्या नंतर आल्या, आणि कॅथोलिक घरांत ही रीत विसाव्या शतकात रुजली.

आपल्याकडे पाइनच्या फांद्या शोधत फिरायची गरज नाही. किनाऱ्याकडे सुरूची फांदी मिळते, घाटावर आंब्याचे डहाळे किंवा अशोकाची पानं. आंब्याची पानं चार दिवसांत मलूल होतात, म्हणून दर शनिवारी बदला. चक्रासाठी बांबूची रिंग, जुनी चाळण किंवा नुसती स्टीलची परात चालते. मी परातच सुचवेन : तळाला बोटभर वाळू पसरा, तिच्यात मेणबत्त्या घट्ट बसतात आणि कलंडल्या तरी आग पसरत नाही.

रंग तीन जांभळे आणि एक गुलाबी. काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, निळा वापरतात. मधोमध पांढरी, ती नाताळची. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर साध्या पांढऱ्यांना रिबन बांधा. तेही नको असेल तर दिवाळीच्या चार पणत्या कपाटात असतीलच. गोडेतेल आणि वात घालून त्या लावा, यात काहीही कमीपणा नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरात रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल, कॉन्सन्ट्रेटर असो वा सिलिंडर, तर त्या खोलीत उघडी ज्योत नकोच. बॅटरीवरची मेणबत्ती आणा. हॉस्पिटलच्या वॉर्डातही तीच न्या. कुशीवर झोपलेल्या माणसाला दिसेल अशा उंचीवर ठेवा. घरातली ज्योत कधीही राखणीशिवाय सोडू नका, पडद्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा.

रोजची दहा मिनिटं

वेळ ठरलेली असली तरच हे टिकतं. संध्याकाळचा चहा, जपमाळेची वेळ किंवा रात्री जेवायला बसण्याआधी, काहीही चालेल, पण तीच वेळ रोज. आठवड्याची मेणबत्ती लावा आणि वीज बंद करा. एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग शास्त्रातला छोटा उतारा एकाने मोठ्याने वाचायचा, सहा-सात ओळी पुरेत. मग प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक जड गोष्ट आणि एक बरी गोष्ट सांगायची. ‘आज काही बरं झालं नाही’ हेही उत्तर आहे. त्यावर समजूत घालत बसायचं नाही. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि जमलं तर एक भजन. मराठी मंडळीत अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवरच्या भजनांचा मोठा ठेवा आहे. ती पेटी-तबल्याविना, हळू आवाजातही छान लागतात, आणि दुःखात ती इंग्रजी कॅरलांपेक्षा लवकर ओठांवर येतात असं मला वाटतं.

प्रार्थना सुचत नसेल तर सुचवायचा प्रयत्न करू नका. ज्योतीकडे बघत बसणं पुरे आहे. लूकच्या शुभवर्तमानात पहिलाच माणूस जो भेटतो तो जखऱ्या, आणि त्याची वाचा नऊ महिने गेलेली असते. तोंडातून शब्द फुटत नसलेला माणूस या गोष्टीत अगदी सुरुवातीलाच आहे.

एखादा दिवस राहिला तर राहिला. दुसऱ्या दिवशी दोन उतारे वाचून भरपाई करायची नाही.

पहिला आठवडा : वाट पाहणं

या आठवड्यात काही सोडवायचं नसतं. वाचायला यशया ९ आणि ६४, स्तोत्र १३ आणि १३०. एकशे तिसाव्या स्तोत्रातले पहारेकरी पहाटेची वाट पाहतात. त्यांना रात्र लहान करता येत नाही, फक्त जागं राहता येतं. बायोप्सीचा रिपोर्ट, व्हिसाचा निकाल, परीक्षेची यादी, पोलिसांचा फोन : ज्याची तुम्ही वाट पाहताय त्याचं नाव पहिल्या मेणबत्तीपाशी मोठ्याने घ्या.

मुंबई आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी या दिवसांत सूर्यास्ताकडे लक्ष द्यावं. वर्षातला सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असला, तरी आपल्याकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत होऊन जातो. सहाच्या आसपास मावळणारा सूर्य त्यानंतर रोज काही सेकंद उशिरा मावळू लागतो. पहिली मेणबत्ती लागते तेव्हा संध्याकाळचा उजेड परतायला लागलेला असतो. डोळ्यांना ते पंधरा दिवस कळत नाही. पंचांगात किंवा वर्तमानपत्रात सूर्यास्ताची वेळ बघा आणि रोज वहीत टिपा.

दुसरा आठवडा : वाट सरळ करणं

इथे बाप्तिस्मा देणारा योहान येतो : प्रभूचा मार्ग तयार करा, वाटा सरळ करा. वाचायला यशया ४०. मी याचा अर्थ फार व्यवहारी घेतो. कठीण वर्षात कागदपत्रांचा ढीग साचतो. मृत्यूचा दाखला काढलेला असतो, पण बँकेत नॉमिनीचा अर्ज दिलेला नसतो. विम्याच्या दाव्यातली एक सही राहिलेली असते. पीएफचं खातं तसंच पडलेलं असतं. प्रत्येक कागदावर गेलेल्या माणसाचं नाव असतं म्हणून फाइल उघडवत नाही, आणि न उघडलेली फाइल रात्री झोपू देत नाही.

या आठवड्यात त्यातलं एकच काम उचला. एकट्याने नको. चर्चमधला बँकेत काम केलेला कोणी निवृत्त गृहस्थ, मामेभाऊ, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, कोणालाही सोबत बसवा. आधी फक्त सगळे कागद एका पिशवीत जमा करा. दुसऱ्या दिवशी काय कमी आहे त्याची यादी. तिसऱ्या दिवशी बँकेत किंवा कार्यालयात जा, सोबतीने. काम पूर्ण झालं नाही तरी ती यादी मेणबत्तीपाशी ठेवा. ही प्रार्थनाच आहे, असं मी मनापासून मानतो.

तुटलेलं नातं असेल तर एक साधा मेसेज पुरे : ‘आठवण आली. कसा आहेस?’ उत्तराची अट मनात ठेवू नका. मात्र ज्या माणसाने तुम्हाला मारलं, छळलं, त्याच्याशी समेट करायला नाताळचं निमित्त कोणी पुढे करत असेल तर ऐकू नका. सुरक्षितता आधी. कॅथोलिकांसाठी पापनिवेदनाची रांग या आठवड्यात छोटी असते. तेवीस तारखेला ती फाटकापर्यंत जाते. मनातलं बोलायला फादरांनाही आता वेळ असतो.

तिसरा आठवडा : गुलाबी मेणबत्ती

या रविवारी झग्याचा रंगही गुलाबी असतो, आणि जुना प्रवेशमंत्र प्रेषित पौलाच्या पत्रातला : प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पौलाने ते फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तुरुंगातून लिहिलं होतं. याच रविवारी एका वर्षीच्या वाचनात योहानही तुरुंगात असतो आणि निरोप पाठवून विचारतो, जो येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आयुष्यभर बोट दाखवून ‘तो पाहा’ म्हणणाऱ्यालाही शंका आली. येशू त्याला त्यासाठी रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढं त्याला जाऊन सांगा म्हणाला.

शोकातल्या माणसाला आनंदाचा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे अपराधी वाटणं. नवरा जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि मी नातवाच्या बोलण्यावर हसले, लोक काय म्हणतील? या आठवड्यात ते हसू येऊ द्या. गेलेल्या माणसाचा आवडता एकच पदार्थ करा, त्याची एखादी गमतीची गोष्ट जेवताना सांगा. सुनेने, जावयाने, शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट तर आपल्याला नवीच असते, आणि माणूस गेल्यानंतरही त्याच्याबद्दल काही नवं कळतं याचं मोल फार आहे.

याच सुमारास गव्हाचं काम सुरू करायचं. युरोपात फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, क्रोएशियात १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, ताटलीत गहू पेरतात. गोव्यात आणि वसईकडेही गोठ्यातल्या हिरवळीसाठी धान्य रुजवतात. घटस्थापनेचे घट पाहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कृती ठाऊक आहे. मूठभर गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवा. पसरट ताटलीत दोन बोटं माती, वर दाणे दाटीने, पुन्हा मातीचा पातळ थर. पाणी शिंपडा, दोन दिवस अंधारात झाकून ठेवा, मोड दिसले की खिडकीशी आणा. तेरा तारखेला पेरलंत तर चोवीसपर्यंत हिरवीगार लव उभी राहते. अहिल्यानगर-नाशिककडे थंडी जास्त असते, तिथे दोन-तीन दिवस आधी पेरा. आजारी माणसाच्या उशाशी ही ताटली ठेवा. रोज बघण्यासारखं काहीतरी त्याच्या खोलीत वाढत राहतं.

गोठा हळूहळू, गव्हाण रिकामी

गोठा एका दिवसात मांडू नका. पहिल्या आठवड्यात नुसतं छप्पर, दुसऱ्यात बैल आणि गाढव, मेंढपाळ तिसऱ्यात. मरिया आणि योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. मुलांना हे फार आवडतं. गव्हाण रिकामीच. शेजारी एका वाटीत भाताचा पेंढा तोडून ठेवा, घाटावर कडबा. दिवसभरात कोणी कोणासाठी काही केलं तर त्याने न सांगता एक काडी गव्हाणीत टाकायची. औषध आणून दिलं, भांडी घासली, रात्री उठून पाणी दिलं. रुग्णाची सेवा करणाऱ्याचे कष्ट घरात कोणाला दिसत नाहीत. इथे ते साठत जातात. बाळ चोवीसच्या रात्री ठेवायचं.

देणं आणि घेणं

हात रिकामे असतानाही माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं, आणि ते करता आलं तर पाठ ताठ होते. पण मोजून द्या. रोज एक वस्तू खोक्यात टाका : एक दिवस अर्धा किलो तांदूळ, एक दिवस साबण, एक दिवस वही. खोकं १८-१९ डिसेंबरपर्यंत पोहोचवा, पंचवीसला नको. उशिरा मिळालेलं सामान चुलीपर्यंत जायला वेळ उरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने आणि पुराने उभी पिकं नेली. तिथल्या खेड्यांतली ख्रिस्ती कुटुंबंही शेतीवर आणि शेतमजुरीवर जगतात. असं वर्ष आलेल्या मंडळीच्या पाळकांना आधी फोन करून विचारा की काय हवंय. बहुतेकदा उत्तर मिठाई नसतं, बियाणं किंवा शाळेची फी असतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या बाबतीत मला नेहमी आठवतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. कडेवर तान्ही मुलगी. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा, मुली यांना शेकड्यांनी सोबत आणलं. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. भुकेची ओळख त्यांना स्वतःच्या घरातून होती. पण पतीच्या मृत्यूपासून त्या दुष्काळापर्यंत मध्ये चौदा वर्षं गेली हेही लक्षात घ्या. यंदा तुम्ही फक्त घेणारे असाल तर घ्या.

शेवटचे दिवस

चौथ्या रविवारची मेणबत्ती मरियेची. येशूला जन्म देणार असल्याची बातमी ऐकून ती डोंगराळ मुलखात आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे जाते. गरोदर बाई दुसऱ्या गरोदर बाईला भेटायला. या आठवड्यात एक भेट द्या, अर्ध्या तासाची. ज्यांचंही यंदा काही गेलंय अशा घरी जाणं सर्वांत सोपं पडतं, तिथे सोंग करावं लागत नाही.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी पाश्चात्त्य चर्चमध्ये सात जुन्या आरोळ्या म्हटल्या जातात, प्रत्येक दिवशी येशूला वेगळ्या नावाने ‘ये’ म्हणून. २१ तारखेचं नाव आहे उदयप्रकाश : ये, आणि अंधारात, मृत्युछायेत बसलेल्यांवर प्रकाश पाड. काही देशांत चर्चेस याच रात्री शोकातल्या लोकांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. आपल्या वाडीत, सोसायटीत चार-पाच घरं मिळूनही ती करता येईल. वर्षात गेलेल्यांची नावं एकेक करून वाचा, प्रत्येक नावाला एक पणती, जखऱ्याचं गीत (लूक १), थोडी शांतता, मग चहा. भाषण नको. अर्ध्या तासात संपवा.

चोवीसच्या रात्रीची मिस्सा अनेकांना असह्य होते : गर्दी, नवे कपडे, ‘हॅपी ख्रिसमस’, आणि शेजारची रिकामी जागा. पंचवीसच्या सकाळची पहिली मिस्सा किंवा उपासना शांत असते. बाजूच्या दाराजवळ बसा, रडू आलं तर बाहेर जाता येतं. एकाला आधीच सांगून ठेवा, ‘मी उठलो तर माझ्यामागे ये.’

लंडनसारख्या शहरात डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तिथे एकटे राहणाऱ्यांनी घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी मेणबत्ती लावावी. वेळेतला साडेपाच तासांचा फरक धरून रविवारची दुपार दोघांनाही जमते. आखातात जिथे रविवारची मिस्सा शुक्रवारी होते, तिथे मेणबत्तीही शुक्रवारी लावा.

हे पुरेसं नसेल तेव्हा

झोप उडालीय, भूक मेलीय, दोन आठवडे काहीच बरं वाटत नाही, जगणंच नको असे विचार येतात, तर मेणबत्ती आणि प्रार्थना यांच्या जोडीला डॉक्टर हवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. घरातल्या कोणाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा, ‘जिवाचं काही करावंसं वाटतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. विश्वास कमी पडला असं त्याला कोणी म्हणत असेल तर त्या माणसाला दारातच थांबवा.

पंचवीसनंतर

नाताळ पंचवीसला संपत नाही, सुरू होतो. २८ डिसेंबर हा हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा दिवस. ज्यांचं मूल गेलंय त्यांना त्या दिवशी फोन करा. गोठा ६ जानेवारीपर्यंत, बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी राजांच्या सणापर्यंत, तसाच राहू द्या. गव्हाची लव वाळू लागली की गाईला घाला. चक्राखालचा कागद काढून पुन्हा वाचा. काही ओळी खोडाव्याशा वाटतील, काही तशाच राहतील. पुढच्या नोव्हेंबरसाठी तो बायबलमध्ये ठेवून द्या. आणि ज्यांनी फराळाचं ताट आणून दिलं होतं, त्यांची ताटं जानेवारीत सावकाश परत करा, रिकामी असली तरी.